घडीची बंदूक

इंदिरानगर, नाशिक

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. घरात सगळ्यांनी पाहिले. आमच्या सौ.ला बंदुकीचं काही वाटलं नाही. "एवढ्या थंडीत भावजी मुळात घराबाहेर पडतातच कशाला?" एवढाच तिचा प्रश्न. धाकट्याने फोटो मोठा करकरून पाहिला आणि विचारलं, "काका खेळण्यातली बंदूक घेऊन फिरतात का?" रागावू नकोस. मधोमध दुमडलेली, वर एक नळी, खाली एक नळी, दस्त्याच्या जागी फोमचा ठोकळा, अशी ती चीज पाहून बंदूक कशी दिसावी याविषयीच्या आपल्या सगळ्या कल्पना कोलमडतात. आमच्या अण्णांची एकनळी कशी, पाहिल्याबरोबर दरारा वाटायचा. तुझी सायकलच्या पंपाच्या भावकीतली वाटते.

आता तू सरळ प्रश्न विचारला आहेस की "घेतली ते बरं केलं का?", तर सरळ उत्तर: बरं केलंस. पण घेताना मनात जे होतं ते थोडं चुकीचं आहे, आणि ते का, हे सांगायला हे लांबलचक पत्र. तुला वेळ आहे, तुमच्या अलास्कात आता संध्याकाळच चार महिन्यांची असेल.

तुला एनसीसीचं आठवतं ना? ताडपत्रीवर पालथं पडून, कोपरं सोलवटून, पॉइंट टू-टूने कागदावर भोकं पाडायची. उस्ताद मागून ओरडायचे, "श्वास रोक!" तुझी भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकायची आणि माझी शेजाऱ्याच्या टार्गेटवर निघायची. तीच पॉइंट टू-टू तुझ्या वरच्या नळीत आहे. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नाही म्हटलं तरी चालेल, आवाज माफक, आणि पन्नास काडतुसांची डबी शर्टाच्या खिशात मावते. खालची नळी फोर-टेन, म्हणजे छऱ्याच्या बंदुकांमधलं शेंडेफळ. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात तीसेक ग्रॅम छर्रा असतो, फोर-टेनमध्ये साधारण त्याच्या निम्मा. बसलेल्या सशाला वरची नळी, उडणाऱ्या पाखराला खालची. मधे एक खटका, इकडे किंवा तिकडे. दोन बार झाले की उघडायची, टरफलं काढायची, पुन्हा भरायची. घाईच्या माणसाची ही बंदूक नव्हे.

तू लिहितोस, अमेरिकेतल्या कोणा डोकेबाज माणसाने हा प्रकार शोधला. तसं नाही रे. एकाच बंदुकीत गोळी आणि छर्रा दोन्ही हवेत, हा हट्ट फार जुना, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या जंगलांचा. हिंदुस्थानात शिकारीला फिरणाऱ्या साहेबाची अडचण अशी की सकाळी तित्तिरामागे निघावं आणि झुडपातून अस्वल उठावं. बदलायला दुसरी बंदूक असते, पण ती घेऊन चालणारा गडी तोवर झाडावर चढलेला असतो. त्यावर फॉस्बेरी नावाच्या बंगाल आर्मीतल्या अधिकाऱ्याने तोडगा काढला: नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी काही इंच पेच पाडलेले. छर्राही जाई, गोळीही बऱ्यापैकी सरळ जाई. १८८५ च्या सुमाराचं हे पेटंट लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने घेतलं आणि 'पॅराडॉक्स' या नावाने ती बंदूक इथे भरपूर खपली. हा फॉस्बेरी सरहद्दीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला गडी, म्हणजे टेबलावर बसून कल्पना लढवणाऱ्यांपैकी नव्हता. दक्षिण आफ्रिकेत शेजारी शेजारी दोन नळ्या, एक रायफलची आणि एक छऱ्याची, अशी 'केप गन' चाले. जर्मनांनी तर तीन नळ्या एकत्र बांधल्या. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटावर उडणाऱ्या जर्मन वैमानिकांना सावर कंपनीची तीन नळ्यांची बंदूक पेटीसकट मिळे: वर दोन बारा बोअर, खाली ९.३ मिलिमीटरची रायफल. इतकी देखणी की वाळवंटात विमान पडलं तर माणूस आधी बंदुकीवरची धूळ पुसेल.

तुझ्या बंदुकीची सख्खी आजी मात्र अमेरिकन हवाई दलाची, हे तुझं बरोबर. १९५० च्या दशकातली एम-६. पत्रा ठोकून केल्यासारखी दिसते. वर पॉइंट टू-टू हॉर्नेट, खाली फोर-टेन, नळ्या चौदा इंची, आणि मधे दुमडणारी. दस्त्याचं झाकण उघडलं की आत नऊ गोळ्या आणि चार छऱ्याची काडतुसं ठेवायला भोकं. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिला नेहमीचा चाप नाहीच. त्याऐवजी एक लांब पट्टी आहे, मूठ आवळली की बार. का? तर ध्रुवाकडे पडलेल्या वैमानिकाच्या हातात जाड हातमोजे असणार, आणि ते काढले तर बोटं गेली. ज्याने ही पट्टी बसवली त्याने एकदा तरी थंडीत बोटं गमावता गमावता वाचवली असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. पुढे हीच बंदूक नागरिकांसाठी निघाली तेव्हा नळ्या अठरा इंचांच्या केल्या, कारण तुमच्या कायद्यात त्याहून आखूड छऱ्याच्या नळीला वेगळी सरकारी नोंदणी लागते. तुझी इटालियन बनावटीची नात एकोणीस इंची आहे. हा आकडा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि रशियन विसरलास? १९६५ च्या मार्चमध्ये लिओनोव्ह आणि बेल्यायेव यांचं यान ठरल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर तैगाच्या बर्फात उतरलं. हा तोच लिओनोव्ह, आदल्या दिवशी अंतराळात यानाबाहेर तरंगून आलेला पहिला माणूस. मदतीला कोणी नाही, झाडी इतकी दाट की हेलिकॉप्टर उतरेना, दोन रात्री तिथेच. लांडग्या-अस्वलांचा मुलूख आणि जवळ साधं पिस्तूल. लिओनोव्हने पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९८६ पासून सोयुझ यानात तीन नळ्यांचं एक विचित्र पिस्तूल जाऊ लागलं: वर छऱ्याच्या दोन नळ्या, खाली रायफलची एक, आणि लावायचा दस्ता म्हणजे चक्क कोयता. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या वाट्याला ते आलं नाही. अंतराळातून येऊन झाडं तोडायला कोयता लागतो, हे मला फार आवडतं.

तर या सगळ्यांत समान काय, बघ. वैमानिक असो की अंतराळवीर, यांच्यातलं कोणी बंदूक बाळगायला निघालेलं नव्हतं. ते दुसऱ्याच कामाला निघाले होते. बंदूक वजनाला हलकी हवी, जागा कमी खाणारी हवी, आणि ती वापरायची वेळ शक्यतो येऊच नये. आणि दुसरं म्हणजे, मदत येईपर्यंतचे काही दिवस काढणं एवढंच तिचं काम. जंगलात राहून बंदुकीवर जगणं हे नव्हे. तू पत्रात लिहिलंयस, "आता काहीही झालं तरी महिनाभर निघेल." इथेच माझं आणि तुझं बिनसतं.

महिनाभर कशावर निघेल? सशांवर? स्टेफान्सन नावाचा ध्रुवप्रदेशात वर्षानुवर्षं राहिलेला संशोधक लिहून गेलाय की नुसत्या सशाच्या मांसावर माणूस पोटभर खाऊन उपाशी मरतो. त्या मांसाला चरबीच नाही. आठवड्याभरात जुलाब, डोकेदुखी, कितीही खाल्लं तरी भूक भागत नाही. बीव्हर, मासे, काहीतरी स्निग्ध मिळालं तरच खैर. शिवाय तुमच्याकडचे ते पांढरे ससे दर दहाएक वर्षांनी अमाप होतात आणि मग एकदम नाहीसे होतात. मंदीच्या वर्षी तुझं विमान पडलं तर फोर-टेन घेऊन बर्फाशी गप्पा मार. तुमच्या राज्याचा कायदाही हेच सांगतो की. छोट्या विमानात काय काय ठेवायचं याची यादीच आहे: माणशी आठवड्याचा शिधा, कुऱ्हाड, मासे धरायचं सामान, सुरी, आग पेटवायची सोय, डासांची जाळी, खुणेचे दिवे. थंडीत बर्फावर चालायचे जोडे आणि झोपायची पिशवीही. पूर्वी त्या यादीत बंदूक होती, नंतर काढली. शिधा आणि कुऱ्हाड मात्र राहिली. म्हणून म्हणतो, बंदुकीशेजारी त्याच पिशवीत तुपाचा डबा ठेव. वहिनींना सांग, साजूक. हसू नकोस, मी गंभीरपणे लिहितोय.

अस्वलाविषयी तर बोलायलाच नको. त्याच्यावर फोर-टेन म्हणजे फक्त त्याचा अपमान. तुमच्याकडे मिरचीच्या अर्काचा फवारा मिळतो, तो कमरेला लाव. बंदूक पाठीवरच्या पिशवीत दुमडून ठेवलेली असताना अस्वल थांबणार नाही, आणि घडीच्या बंदुकीचं सगळं सौंदर्यच ती दुमडून ठेवण्यात आहे.

आता इकडचं ऐक. तुला वाटत असेल की हा शहाणा इंदिरानगरात बसून ज्ञान पाजळतोय. खरंच आहे. इथे माझी जगण्याची लढाई म्हणजे संध्याकाळी सात वाजता बोगद्यातून गोविंदनगरला जाणं, आणि तिथे कुठलीच बंदूक उपयोगाची नाही. पण तुझी खरेदी वाचल्यावर मी कल्पना करून पाहिली की मी उद्या उठून अर्ज केला, "मला संकटकाळी जगण्यासाठी घडीची जोडबंदूक हवी आहे," तर काय होईल. तू दुकानात गेलास, फॉर्म भरलास, तपासणी झाली, घेऊन आलास. इथे बंदूक सगळ्यात शेवटी येते. आधी येतं ते कारण. परवाना का हवा, ते सांगायचं. जिवाला धोका, शेतीचं रक्षण, नेमबाजी, ही कारणं कचेरीला समजतात. "विमान पडलं तर" हे कारण ऐकून समोरचा साहेब चहा मागवेल आणि मग मला आधी डॉक्टरकडे पाठवेल. ते प्रमाणपत्र तसंही लागतंच. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण लागतं, पोलिसांची चौकशी होते, घरात ठेवायची सोय दाखवावी लागते. नाशिक शहरात हे काम पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

समजा साहेब उदार निघाला. तरी तुझी बंदूक अडते, आणि अडते ती त्या एकोणीस इंचांवर. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात स्वसंरक्षण किंवा खेळासाठी जी साधी सवलत आहे ती 'वीस इंचांहून कमी नाही' अशा गुळगुळीत नळीच्या बंदुकीला. त्याहून आखूड नळी थेट प्रतिबंधित वर्गात जाऊन बसते, लष्करी हत्यारांच्या पंगतीला. तुमचा कायदा अठरा म्हणतो, आमचा वीस, आणि तुझी बिचारी मधे एकोणीस. एक इंच रे! तुझ्या गावात ससे मारायचं हत्यार, माझ्या गावात गुन्हा.

त्यातून फोर-टेनची आपल्या देशातली कहाणी मोठी मजेची आहे, ती तुला माहीत नसणार. तुला ती 'मुलांना शिकवायची हलकी बंदूक' म्हणून विकली. इकडे ती अविश्वासाची बंदूक होती. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं, देशी माणसाच्या हातात साहेबाच्या तोडीचं हत्यार द्यायचं नाही. त्याच धोरणाच्या पोटी पुढे इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फील्ड रायफलींच्या नळ्यांतले पेच काढून त्या फोर-टेनच्या गुळगुळीत केल्या, एका वेळी एकच काडतूस जाईल अशी व्यवस्था केली, आणि त्या पोलीस, तुरुंग, पहारेकरी यांना दिल्या. काडतूसही थ्री-नॉट-थ्रीचंच, फक्त त्याचा गळा न आवळता सरळ ठेवलेला, म्हणजे उद्या हे लोक बिथरले तर लष्कराचा दारूगोळा यांच्या बंदुकीत चालायला नको. दिसायला रायफल, पोटात पोकळ. माणसाच्या हाती शस्त्र देऊन ते न दिल्यासारखं करायची ही तऱ्हा पाहून मला त्या कारखान्यातल्या कारागिरांचं कौतुकही वाटतं आणि साहेबाचा रागही येतो.

आणि नाशिककराला तर शस्त्रबंदी म्हटली की एकच तारीख आठवते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, 'शारदा'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सन आत शिरले आणि अनंत कान्हेरेने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. लिटनच्या १८७८ च्या कायद्याने आपल्या लोकांच्या हातातलं हत्यार काढून घेतलं होतं, म्हणून ती पिस्तुलं लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनच्या पेटीत चोरकप्प्यातून पाठवली. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क चक्क घातलेला होता. १९३७ मध्ये डॉ. मुंज्यांनी इथे भोसला मिलिटरी स्कूल काढलं तेही याच अस्वस्थतेतून. स्वातंत्र्यानंतर मात्र तो हक्क घटनेत आला नाही. आला तो परवाना. माझं मत विचारशील तर त्यात मला फारसं वावगं वाटत नाही. आमच्या गल्लीत पार्किंगवरून जी भांडणं होतात ती पाहता, प्रत्येकाच्या कपाटात एक घडीची बंदूक असती तर मी तुला हे पत्र लिहायला उरलो नसतो.

अण्णांची बंदूक तुला आठवते. घोटीकडच्या शेतात भात पोटरीत आला की रानडुकरं उतरायची, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना होता. एकनळी बारा बोअर. वर्षभरात ती डुकरापेक्षा पोलीस ठाणं जास्त पाहायची, कारण निवडणूक आली की जमा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद: आपल्या लोकशाहीत बंदुकीला सुट्ट्या फार. अण्णा ती पावती पिशवीत घालून देव्हाऱ्याजवळ ठेवायचे. नेता कोण निवडून आला यापेक्षा बंदूक परत कधी मिळणार याची त्यांना चौकशी. आता ती माझ्या नावावर आहे. सत्तरी गाठली किंवा पंचवीस वर्षं परवाना बाळगून झाला की हयातीतच वारसाच्या नावे करता येतो, तसा त्यांनी करून दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं. मला एकच जड होते. पावसाळ्यात दर रविवारी शिवणयंत्राचं तेल आणि जुनं धोतर घेऊन बसावं लागतं, नाहीतर नळीत गंज धरतो. सौ. म्हणते, "एवढी सेवा सासूबाईंची केली असती तर." आता यावर काय बोलणार?

बरं, बंदूक आहे, पण मारायचं काय? तुझ्याकडे वर्षाचा शिकारीचा परवाना काढला की ससे आणि रानकोंबड्या मोकळ्या. इकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद केलं. ससा, तित्तिर, भेकर, काही म्हणता काही नाही. पूर्वी कावळा, उंदीर, वटवाघूळ असे काही जीव 'उपद्रवी' म्हणून मोकळे होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीही गेली. उरलं रानडुक्कर, तेही शेताचं नुकसान दाखवून, वनखात्याची परवानगी घेऊन. आणि मारलं तरी ते सरकारची मालमत्ता, तुझ्या कढईत यायचं नाही. म्हणजे 'जगण्यासाठी शिकार' या कल्पनेतलं जगणंही गेलं आणि शिकारही. सह्याद्रीत अडकलेल्या माणसाने सशावर बार टाकला तर सुटका करणारे आणि पकडणारे एकदमच येतील.

शिवाय तो बार टाकायला बंदूक तिथे नेणार कशी? आपण ज्या कळसूबाई-हरिश्चंद्रगडावर भटकत होतो ते १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकालाही आपलं नाव वनखात्याकडे नोंदवावं लागतं. निफाडच्या नांदूर-मध्यमेश्वर अभयारण्याकाठच्या शेतकऱ्यांना हे चांगलं ठाऊक. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते, २०२० मध्ये जाहीर झालं. हिवाळ्यात तिकडे बदकं पाहायला ये, फोर-टेन घरी ठेवून.

आणि खरं सांगू? आपल्या डोंगरात माणसं भुकेने मरतच नाहीत. पाय घसरून मरतात, एप्रिलच्या उन्हात पाणी संपून मरतात, पावसाळ्यात ओढ्याला अचानक लोंढा आला की जातात. भूक लागायच्या आधी कुठलीतरी ठाकरवाडी लागते, आणि तिथली म्हातारी काही न विचारता भाकरी पुढे ठेवते. तुमच्या अलास्कात दोनशे किलोमीटरवर म्हातारी नाही, म्हणून दस्त्यात चार काडतुसं ठेवायची सोय करावी लागते. मी भटक्यांच्या पोरांना सांगतो, शिट्टी, दोर, विजेरी, दोन लिटर जास्तीचं पाणी. ते ऐकतात आणि ड्रोन घेऊन जातात.

बिबट्याचं विचारलंयस. हो, येतो. पाथर्डी-वडनेरच्या बाजूला उसात आणि लष्कराच्या मोकळ्या जागेत त्याला लपायला भरपूर. २०१९ च्या जानेवारीत तर तो सावरकरनगरात, बंगल्यांच्या कंपाउंडांवरून उड्या मारत फिरला आणि बघ्यांच्या गर्दीत काही जण जखमी झाले. अशा दिवशी आमच्या सोसायटीच्या गटावर एकच संदेश फिरतो: "कोणाकडे बंदूक आहे का?" आणि ज्यांना अण्णांची बंदूक माहीत आहे ते माझ्याकडे पाहतात. मी दार लावून घेतो. बिबट्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला, त्याला मारायचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकांचा. खरोखर अंगावर आला असताना जीव वाचवण्यासाठी मारला तर कायदा समजून घेतो, पण गच्चीवर उभं राहून, चहा पीत, शेजाऱ्यांना दाखवत मारला तर नाही. आणि कायदा बाजूला ठेव. छर्रा लागून जखमी झालेला बिबट्या कुंपणाआड दडला की पुढचा माणूस कोण, तर भुलीची बंदूक घेऊन वाकून जाणारा वनखात्याचा डॉक्टर. तुझी फोर-टेन असल्या कामाला नको आणि माझी बारा बोअरही नको.

आता तुझ्या उपयोगाचं थोडं लिहितो. दोन नळ्या एका ठिकाणी मारत नाहीत, हे या जातीचं जन्मजात दुखणं. वरची नळी पन्नास यार्डांवर नीट बसवून घे. मग त्याच माशीने खालच्या नळीचा बार वीस-पंचवीस यार्डांवर मोठ्या कागदावर टाकून पाहा, छर्रा कुठे पसरतो ते. तो एखादी वीत खाली किंवा डावीकडे पडत असेल तर ते कुठेतरी लिहून चिकटव, कारण उपाशीपोटी आठवत नाही. खटका कुठल्या बाजूला आहे ते न पाहता हाताला कळलं पाहिजे, हातमोजा घालून. चालताना बंदूक उघडी ठेव, भरलेली दुमडून पिशवीत घालू नकोस. बर्फात आपटलास तर नळीच्या तोंडात बर्फ गेलाय का ते बघूनच बार टाक, नाहीतर नळी फुटते. आणि तेल! इथलं शहाणपण तिथे चालणार नाही. उणे चाळीसला शिवणयंत्राचं तेल मधासारखं घट्ट होतं आणि घोडा पडतो तो हळूच, टोपीला खरचटून. सगळं तेल पुसून काढ, लागलं तर ग्रॅफाइटची पूड लाव. बाहेरून आल्या आल्या गरम खोलीत नेऊ नकोस, तिला घाम फुटतो आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेलीस की तोच घाम आत गोठतो. तुमच्या घराला पुढे थंड पडवी आहे म्हणालास, तिथे लोखंडी कुलपाच्या कपाटात ठेव, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली नातवंडांना ठाऊक असलेल्या डब्यात नको. घडीच्या बंदुकीचा हाच एक खरा धोका मला दिसतो: ती लहान मुलाच्या दप्तरात मावते.

शेवटचा मुद्दा, तू ताजा कलम म्हणून लिहिलेला: पुढच्या वर्षी कायमचं परत आलात तर ती सोबत आणता येईल का. कायमचं राहायला येणाऱ्याला एक शस्त्र आणायची सवलत आहे, पण ते अनुज्ञेय बोअरचं हवं आणि इथला परवाना आधी हातात हवा. तुझी एकोणीस इंची त्यात बसत नाही, आणि मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाला लिओनोव्हची गोष्ट सांगून भागणार नाही. तेव्हा येताना ती तिथल्याच एखाद्या शेजाऱ्याला दे, जो दरवर्षी झाडीत जातो आणि ज्याला सशाची भाजी येते. पैसे घे बरं का, फुकट देऊ नकोस. त्या पैशांत इथे पाठीवरची चांगली पिशवी येईल आणि आपण डिसेंबरात हरिश्चंद्रगड करू. गुडघ्यांचं काय ते तेवढं कळव, म्हणजे पाचनईच्या वाटेने जायचं की खिरेश्वरकडून, ते ठरवतो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. सौ.ने चिवड्याची कृती वेगळ्या कागदावर लिहून दिलीय, ती सोबत जोडतो.

तुझा,
इंदिरानगरकर